तंजावरी वीणेची निवड

तंजावर शहरातून उत्तरेकडे निघालेला रस्ता तिरुवैयारुला पोहोचण्यापूर्वी पाच प्रवाह ओलांडतो. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी स्वतः कावेरी. अंतर अवघे सात-आठ मैलांचे. पण एवढ्या अंतरात पाण्याचे इतके पट्टे लागतात की गावाचे नावच त्यांवरून पडले. 'ऐयारु' म्हणजे पाच नद्या. संस्कृतात हेच पंचनदक्षेत्र. कावेरीच्या उत्तर तीरावरील या गावी कर्नाटक संगीताचे श्रेष्ठ वाग्गेयकार त्यागराज यांचे बहुतेक आयुष्य गेले आणि येथेच १८४७ साली त्यांनी देह ठेवला. दर वर्षी पौष वद्य पंचमीला त्यांच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक मांडीला मांडी लावून बसतात आणि त्यांच्या पाच मोठ्या रचना एका घोषात गातात. त्या घोषात मृदंग उठून ऐकू येतो, व्हायोलिन ऐकू येते, बासरीही मधूनमधून डोके वर काढते. वीणा मात्र डोळ्यांना दिसते आणि कानांना बहुधा सापडत नाही. ज्या वाद्याच्या दांडीवर या संगीताचे व्याकरण मांडले गेले, ते वाद्य या संगीताच्या सर्वांत मोठ्या उत्सवात मुके झाल्यासारखे वाटते.

मराठी मनाला वीणा म्हटले की प्रथम विणेकरी आठवतो. दिंडीच्या मध्यभागी उभा असलेला, गळ्यात वीणा अडकवून एकच सूर अखंड छेडणारा. ती वीणा सुराला धरून ठेवते. तिच्यावर राग वाजवावा अशी कोणाची अपेक्षा नसते. तंजावरची वीणा ही वेगळी जात आहे. फणसाच्या लाकडाचा कोरून पोकळ केलेला गोल घट, त्यापासून निघालेली लांब, जाड, पोकळ दांडी, दांडीच्या टोकाला खाली वळलेले व्याळाचे मुख आणि त्या मुखाच्या अलीकडे खाली बसवलेला एक लहान भोपळा, असे तिचे रूप आहे. लांबी सुमारे चार फूट. दांडीवर मेणात बसवलेले चोवीस पडदे. त्यांवरून जाणाऱ्या चार मुख्य तारा आणि बाजूने तालासाठी तीन. वादक मांडी घालून बसतो, घट उजवीकडे जमिनीवर टेकतो, भोपळा डाव्या मांडीवर येतो आणि दांडी आडवी राहते.

या चोवीस पडद्यांचा इतिहास तंजावरचाच आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील संगीतग्रंथ वीणेचे दोन भेद सांगतात: एका रागाच्या मेळाची वीणा आणि सर्व रागांच्या मेळाची वीणा. पहिल्या प्रकारात वाजवायच्या रागापुरतेच पडदे लावावयाचे आणि राग बदलला की पडदे हलवावयाचे. आपल्याकडील सतारिया आजही हेच करतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, त्यामुळे कोमल गंधाराचा राग आला की तो पडदा चिमटीत धरून जरा वर सरकवतो. दुसऱ्या प्रकारात सप्तकातील बाराही स्वरस्थानांना स्वतंत्र पडदा मिळतो आणि मग कोणत्याही रागासाठी काहीच हलवावे लागत नाही. विजयनगरच्या रामामात्याने १५५० साली लिहिलेल्या 'स्वरमेलकलानिधि'त या विचाराची बरीच तयारी दिसते. पण त्याला आजचे रूप आले ते तंजावरच्या नायक राजांच्या काळात, अशी दक्षिणेची परंपरा आहे. रघुनाथ नायकाने (राज्यकाल १६०० ते १६३४) आणि त्याचा प्रधान गोविंद दीक्षित याने दोन सप्तकांचे चोवीस पडदे कायमचे बसवले, आणि म्हणून ग्रंथांत तिला रघुनाथाचेच नाव मिळाले. 'संगीतसुधा' या ग्रंथावरही कर्ता म्हणून रघुनाथाचे नाव आहे. मात्र गोविंद दीक्षिताचा मुलगा वेंकटमखी तो ग्रंथ आपल्या वडिलांचा असल्याचे सांगतो. राजाच्या नावावर पंडिताची विद्या जमा होणे हा त्या काळचा रिवाजच होता.

हा बदल दिसायला सुताराच्या कामाएवढा आहे; परिणाम मात्र शास्त्राचा झाला. पडदे हलते असतात तोवर प्रत्येक राग ही वेगळी व्यवस्था असते. ते स्थिर झाले की सर्व राग एकाच नकाशावर येतात. वेंकटमखीने 'चतुर्दंडीप्रकाशिका'चा आरंभच वीणाप्रकरणाने केला आणि पुढे त्याच नकाशावर गणित मांडले. ऋषभ-गांधारांच्या सहा जोड्या, धैवत-निषादांच्या सहा जोड्या आणि दोन मध्यम यांचा गुणाकार केला की बहात्तर मेळ होतात. त्याहून एकही कमी नाही की जास्त नाही. यांपैकी आपल्या काळी एकोणीसच प्रचारात आहेत, हेही त्याने प्रांजळपणे नोंदवले. उरलेले त्रेपन्न मेळ त्या घटकेला कोणी गात नव्हते. ते फक्त वीणेच्या दांडीवर शक्यता म्हणून पडून होते.

येथे मराठ्यांचा प्रवेश होतो. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य राहिले. वीणेच्या घडणीचे श्रेय मराठी राजांना देण्याचा मोह आवरला पाहिजे; ते नायकांचे आहे. मराठ्यांनी जे केले ते कमी दिखाऊ, पण तितकेच मोलाचे. पराभूत राजवटीची विद्या त्यांनी टाकून दिली नाही. शहाजीराजांनी (१६८४ ते १७१२) रागलक्षणांचा तेलुगू ग्रंथ सिद्ध केला. तुळजाजी पहिले (१७२८ ते १७३६) यांच्या नावावर 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात वेंकटमखीच्या परंपरेला धरून रागांची मांडणी केली आहे, आणि ते राग त्या काळी प्रत्यक्ष कसे गात-वाजवत होते त्याचे स्वरखंड उदाहरणादाखल दिले आहेत. कोऱ्या व्याख्येपेक्षा अशी चार उदाहरणे इतिहासाला अधिक उपयोगी पडतात. अठराव्या शतकाच्या आरंभीचे अनेक राग आज पुन्हा तपासता येतात, ते या दोन मराठी राजांच्या ग्रंथांमुळे.

त्यागराजांचा जन्म १७६७ चा. दुसरे तुळजाजी, अमरसिंह, दुसरे सरफोजी आणि शेवटचे शिवाजीराजे अशा चार मराठी राजांची कारकीर्द त्यांनी पाहिली. सरफोजींनी दरबारी गायनासाठी निमंत्रण दिले आणि त्यांनी ते नाकारले, ही कथा प्रसिद्धच आहे. त्यांचे वीणेशी असलेले नाते मात्र तेवढे प्रसिद्ध नाही. त्यांचे आजोळचे आजोबा काळहस्तय्या हे नामांकित वीणावादक होते असे परंपरा सांगते, आणि त्यांचे गुरू सोंठी वेंकटरमणय्या तंजावरच्या दरबारी विद्वानांच्या घराण्यातले. 'मोक्षमु गलदा' या सारमती रागातील कृतीत त्यांनी वीणावादनाचा मोक्षाशी संबंध जोडला आहे. त्यांच्या शिष्यांतील एकाला तर लोकांनी 'वीणा' कुप्पय्यर असेच नाव दिले. वेंकटमखीने शक्यता म्हणून सोडलेल्या मेळांपैकी कित्येकांत त्यागराजांनी प्रथमच रचना केल्या. खरहरप्रिया हा त्यांनीच रूढ केलेला राग मानतात. त्या रचना करताना त्यांच्यापुढे वीणा असे की नसे हे कागदोपत्री दाखवता येणार नाही. पण ज्या घरात वीणेचे पडदे लहानपणापासून डोळ्यांपुढे होते, त्या घरातल्या माणसाला बहात्तर मेळ परके वाटले नसतील, एवढे म्हणता येते. त्यांचे समकालीन मुत्तुस्वामी दीक्षितार (१७७५ ते १८३५) हे तर स्वतःच वीणावादक होते. त्यांच्या कृतींची संथ, वळणावळणाची चाल वीणेवरच्या बोटांची चाल आहे, हे त्या ऐकताक्षणी जाणवते.

आता दांडी एवढी लांब का, हे पाहू. तारेच्या अर्ध्यावर बोट ठेवले की वरचा षड्ज मिळतो. उरलेल्या अर्ध्याच्या अर्ध्यावर त्याच्याही वरचा. म्हणजे पहिल्या सप्तकाचे बारा पडदे तारेची अर्धी लांबी व्यापतात आणि दुसऱ्या सप्तकाच्या बारांना केवळ पाव लांबी उरते. तार बत्तीस इंचांची धरली तर पहिल्या बारांना सोळा इंच आणि दुसऱ्या बारांना आठच इंच. अगदी शेवटच्या दोन पडद्यांत जेमतेम अर्धा इंच अंतर राहते. तेथे बोट बसते, पण सैलपणे नाही. दांडी याहून आखूड करणे म्हणजे वरचे सप्तक गमावणे.

हाच प्रश्न जगात इतरत्रही सुटलेला दिसतो. हवाई बेटांतील उकुलेले हे चिमुकले वाद्य घ्या. १८७९ साली मदेरा बेटातून होनोलुलूला मजुरांचे जहाज गेले. त्यांच्याबरोबर आलेल्या लहान पोर्तुगीज तंतुवाद्यापासून उकुलेले जन्मले. त्याच्या सर्वांत लहान प्रकारात वाजणारी तार सुमारे तेरा इंचांची असते. मोठ्या बोटांच्या माणसाची तेथे दाटी होते. म्हणून काही कारागीर लहान घटालाच मोठ्या प्रकाराची, सुमारे पंधरा इंच तारेची, लांब दांडी जोडतात. घटाचा खुसखुशीत आवाज बहुतांशी तोच राहतो आणि पडद्यांत हात मोकळा होतो. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. तीच तार त्याच स्वराला लावायची तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेराचे पंधरा झाले की ताण जवळजवळ एक तृतीयांशाने चढतो. तार बोटाला कडक लागते, आवाज अधिक भरीव व ठाम होतो. लांब दांडी विकत घेणारा असा दोन्हीकडचा हिशेब घेऊनच घरी येतो, मग वाद्य हवाईचे असो की तंजावरचे.

वीणेत ताणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण येथे तार नुसती दाबत नाहीत, ओढतात. एकाच पडद्यावर तार आडवी खेचून पुढचे दोन, तीन, कधी चारही स्वर काढायचे, हा वीणेचा प्राण. बारा पडदे स्थिर केल्यामुळे जे गमावले असते ते या ओढीने परत मिळवले. पडदा स्वराची जागा सांगतो. स्वर तेथे कसा यावा, कंप घेत की झोल घेत, हे तार ओढणारे बोट ठरवते. तार फार ताठ असेल तर बोट कापले जाते, सैल असेल तर ओढताना स्वर विरतो. म्हणून वीणा बहुधा खालच्या पट्टीत, साधारणतः पांढरी दोन ते तीनच्या आसपास लावतात. उंच पट्टीत गाणाऱ्या स्त्रीला वीणेची साथ अडचणीची होते, त्याचे एक कारण हे आहे.

तंजावरात वीणा घ्यायला गेलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न येतो तो लाकडाचा. लाकूड फणसाचेच, कडलूर जिल्ह्यातील पणरुट्टीच्या बाजूचे फणस यासाठी नावाजलेले आहेत. झाड जून हवे, लाकूड वाळलेले हवे. ओल्या लाकडाची वीणा पहिल्या दोन उन्हाळ्यांत दांडीशी वाकते आणि मग तार पडद्यांना घासून खरखरते. दुसरा प्रश्न जोडाचा. घट, दांडी आणि व्याळमुख वेगवेगळे करून सांधलेली ती 'ओट्टु' वीणा. सर्व एकाच ओंडक्यातून कोरलेली ती 'एकांड'. एकांड वीणेला प्रतिष्ठा आहे आणि किंमतही जास्त, कारण तेवढा मोठा निर्दोष ओंडका मिळणे दुर्मीळ आणि कोरताना पुष्कळ लाकूड वाया जाते. तिचा नाद अधिक टिकतो असे जाणते सांगतात. सांध्यात कंपाची थोडी शक्ती खर्च होते, हे खरेच आहे. तरीही ओल्या ओंडक्याच्या एकांडापेक्षा वाळलेल्या लाकडाची, घट्ट सांध्याची वीणा केव्हाही बरी. नावाला भुलून पैसे देणारे गिऱ्हाईक प्रत्येक पेठेत असतेच.

नक्षीवरही फार रेंगाळू नये. व्याळाचा जबडा, घटावरची कमळे, कडेची शुभ्र पट्टी ही तंजावरच्या कारागिराची हौस आहे आणि ती पाहण्यासारखी असते. पण नादात तिचा वाटा शून्य. डावीकडच्या भोपळ्याचाही वाटा थोडाच. तो मुख्यतः मांडीवर टेकण्यासाठी असतो, म्हणून आता तो कागदाच्या लगद्याचा किंवा अन्य हलक्या पदार्थाचा केला तरी कोणाची तक्रार नसते. पाहायचे ते वेगळेच. मोकळी तार छेडून सूर किती वेळ राहतो ते ऐकावे. मग चोविसाही पडद्यांवर एकेक स्वर वाजवून एखादा पडदा बद्द बोलतो का, शेजारच्याला घासतो का, ते ताडावे. मधल्या सप्तकात तार तीन स्वर ओढून धरावी. तिसऱ्या स्वरालाही जीव राहिला तर घट चांगला कोरला आहे असे समजावे. घटाची भिंत जाड राहिली असेल तर सूर आतल्या आत कोंडतो. फार पातळ केली असेल तर तो मोठा येतो आणि लगेच मरतो. तारांच्या खालच्या टोकाशी सूक्ष्म सूर मिळवण्यासाठी जी सोय असते तिला तेथे 'लंगर' म्हणतात. हा शब्द मराठी माणसाला परका वाटू नये.

घोडीकडे विशेष लक्ष द्यावे. लाकडी घोडीच्या माथ्यावर किंचित वक्र अशी पितळी पट्टी बसवलेली असते, आणि तार त्या वक्रतेला लागून निसटते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली कलकत्त्यात तंबोरा आणि वीणा यांचा अभ्यास केला. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा निश्चल बिंदू पडतो तो उपस्वर सर्वसामान्य नियमाप्रमाणे उमटू नये. या दोन वाद्यांत तो उमटतो, आणि त्याचे कारण घोडीच्या घडणीत आहे, असे त्यांनी दाखवले. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी ज्याने ऐकली आहे त्याला हे लगेच पटेल. मिरजेचा कारागीर हा परिणाम भोपळ्यावर, रुंद घोडीवर आणि दोऱ्यावर साधतो, तंजावरचा फणसावर आणि पितळेवर. एकाच तत्त्वाची दोन माहेरे.

पण वीणेचा खरा कस लागतो तो पडदे बसवण्यात. मधमाश्यांच्या मेणात कोळशाची पूड मिसळून त्याचे काळे लांबट कठडे दांडीच्या दोन्ही कडांना घालतात आणि त्यांत काशाचे किंवा पितळेचे पडदे रोवतात. याला तिकडे मेळ बांधणे म्हणतात. मेण तापवायचे, पडदा केसभर सरकवायचा, वाजवून पाहायचा, पुन्हा तापवायचे. येथे मोजपट्टी चालत नाही, कान चालतो. मुख्य तारा चार. त्यांच्या जाडीत फरक. एका तारेवर अचूक बोलणारा पडदा दुसरीवर किंचित चढतो. या चौघींची समजूत घालून पडदा एका जागी स्थिर करणे हे वर्षानुवर्षांच्या सरावाचे काम आहे. शिवाय ते कायमचे होत नाही. उन्हाने मेण मऊ पडते, जुने झाले की तडकते, आणि काही वर्षांनी सर्व मेळ नव्याने बांधावा लागतो. रघुनाथाने पडदे स्थिर केले असे इतिहास सांगतो. पण ते ज्यात स्थिर केले तो पदार्थ दर काही वर्षांनी वितळवावा लागतो. त्यामुळे प्रत्येक पिढीने सुरांची जागा स्वतःच्या कानाने पुन्हा ठरवलेली आहे.

वीणेला अडचणीत आणले ते मेणाने नव्हे, आवाजाच्या लहानपणाने. सरफोजींच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा प्रवेश झाला होता. त्याच काळात दीक्षितारांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी व्हायोलिन आत्मसात केले, आणि तंजावरच्या चार प्रसिद्ध बंधूंपैकी वडिवेलू यांना पुढे त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ यांनी १८३४ साली हस्तिदंती व्हायोलिन दिले. व्हायोलिन गळ्याबरोबर कोणत्याही पट्टीत जाते, सूर हवा तेवढा लांबवते आणि लांबपर्यंत ऐकू येते. गायकाशेजारची जागा त्याने घेतली, आणि वीणा एकटी वाजू लागली. एकटेपणाचेही तिने सोने केले. तंजावर दरबारच्या गायिका-नर्तिकांच्या घराण्यातील वीणा धनम्माळ (१८६७ ते १९३८) मद्रासेत आपल्या घरी शुक्रवारी संध्याकाळी वाजवत. नखी न लावता, केवळ बोटाच्या नखाने, इतके हळू की ऐकणाऱ्याने हालचालही करू नये. मोठमोठे गवई तेथे गुपचूप येऊन बसत. पुढे ध्वनिक्षेपक आला आणि एस्. बालचंदर (१९२७ ते १९९०) यांनी त्याच्या बळावर उलट टोक गाठले. एकाच पडद्यावर कल्पनेपलीकडे तार ओढून त्यांनी वीणेला जवळजवळ कंठ दिला. दोघांच्या चाहत्यांचे परस्परांशी जमणे कठीणच. पण दोघांनाही पुरून उरली ती तीच चोवीस पडद्यांची दांडी.

आता पेठेत तिसऱ्या तऱ्हेची वीणाही मिळते. दोन तुकड्यांत सुटी होणारी, प्रवासाला सोपी, मेणाऐवजी खिळ-मळसूत्रांवर पडदे बसवलेली. ती उन्हात बिघडत नाही आणि परदेशी राहणाऱ्या विद्यार्थ्याला दूरच्या कारागिराची वाट पाहावी लागत नाही. तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. मात्र तिच्यामुळे मेळ बांधणाऱ्याकडे जाण्याची गरज संपते, आणि गरज संपली की त्याचा मुलगा दुसरा धंदा धरतो. २०१३ साली तंजावरच्या वीणेला भौगोलिक ओळखीचे सरकारी संरक्षण मिळाले. त्याने नावाची नक्कल थांबेल. मेण तापवणारा हात तयार होण्यासाठी गिऱ्हाइकानेच मेणाची वीणा मागावी लागेल.

तिरुवैयारुत १९६५ पासून सरकारी संगीत महाविद्यालय चालू आहे. तेथे पौषातील गर्दी ओसरल्यावर वीणा ऐकायला मिळते. विद्यार्थी आधी चारही तारा मिळवतो, मग तालाच्या तिन्ही तारा करंगळीने छेडून पाहतो, आणि पहिल्या पडद्यापासून चोविसाव्यापर्यंत एकेक स्वर वाजवत जातो. एखादा बद्द निघाला की त्या पडद्याजवळच्या मेणावर बोट दाबून ते सुटले आहे का ते बघतो.